फुलं चारवर

शीतगृहात सगळे त्याला ऑपरेटर म्हणत. तिथे टेलिफोनचा बोर्ड नव्हता, कधी असल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. नाव आधीच्या नोकरीतून त्याच्याबरोबर आलं होतं. एका मोठ्या कचेरीच्या बोर्डावर त्याची उमेदीची वर्षं गेली. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, बोर्ड भंगारात गेला आणि ऑपरेटर घरी बसला. घरी बसणं त्याला जमण्यातलं नव्हतं. बायकोचं म्हणणं, त्याचं घरी बसणं तिला जमण्यातलं नव्हतं.

तो जन्मापासून आंधळा. हे एकदा सांगून टाकलं की पुन्हा पुन्हा सांगायची गरज पडत नाही. निदान त्याला तरी पडत नसे.

नोकरीची खबर आणली बायकोच्या धाकट्या भावानं. तो त्याच शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि जगात कुठेही गेला तरी फोर्कलिफ्टवर असल्यासारखा ओरडून बोलायचा.

"भाऊजी, बसून करायचं काम आहे. नुसते आकडे बघायचे."

"बघायचे?"

"ऐकायचे हो. तुमचा तो बोलका कॉम्प्युटर आहे ना, तो बघेल. तुम्ही ऐका. थंडी तेवढी वाजते."

"थंडीचं बघता येईल. म्हणजे तेही ऐकता येईल."

शीतगृहाच्या व्यवस्थापक एक मॅडम होत्या. कमी बोलायच्या आणि चालताना बुटांचा टप टप आवाज व्हायचा, त्यामुळे त्या कुठे आहेत हे ऑपरेटरला नेहमी कळत असे. त्यांनी त्याला दोन प्रश्न विचारले, टाइप करायला लावलं आणि म्हणाल्या, "महिनाभर बघू. तक्रार आली नाही तर कायम. आली तर तुमच्या मेहुण्याला मी ओळखत नाही."

गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळालं. कायमच्या लोकांच्या कार्डावर फोटो असे. ह्याच्यावर नुसतं 'पाहुणा' छापलेलं होतं. मेहुण्याला हे कळल्यावर त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. रोज सकाळी दारात तो हाक मारायचा, "या पाहुणे! घरी पाहुणे, इथेही पाहुणे. चहा घेणार की नुसतंच बसणार?"

काम असं होतं. शीतगृहात लांबलचक बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या. एका खोलीत मासे, एकीत आईस्क्रीम, एकीत सोललेले मटार, एकीत ताज्या भाज्या, एकीत फुलं. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारी कांडी आणि तिची तार बोळाच्या टोकाच्या केबिनपर्यंत आलेली. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर एक जुना प्रोग्रॅम होता. त्याला आज्ञा दिली की तो पडद्यावर तक्ता छापायचा: खोली, माल, तापमान, दार उघडं की बंद. दिवसभर ठरावीक वेळाने हा तक्ता काढायचा आणि आकडा हद्दीबाहेर दिसला की मिस्त्रीला फोन करायचा. आधीचा माणूस हे काम एका हाताने बिस्किटं खात करायचा. तक्त्यावरून एक नजर फिरवली की झालं.

नजर फिरवणं म्हणजे काय चैन असते, ते ऑपरेटरला पहिल्याच दिवशी समजलं. तक्ता कुणीतरी फार हौसेने आखला होता. चारी बाजूंनी चौकट, दोन ओळींमध्ये रेघ, दोन रकान्यांमध्ये रेघ, कोपऱ्यांवर अधिकची चिन्हं. ऑपरेटरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, मोठा निःपक्षपाती होता. समोर जे असेल ते वाचायचं, त्यात डावंउजवं नाही. "अधिक, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ," असं त्याने सुरू केलं की ते भजनासारखं चालूच राहायचं. मग "अधिक", मग पुन्हा रेघा. माशांपर्यंत पोचेपर्यंत मासे शिळे व्हायची वेळ यायची.

सवय व्हावी म्हणून त्याने त्या तक्त्याची एक प्रत घरी नेली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐकत बसला. बायकोने थोडा वेळ सहन केलं. मग ती पोळपाटावर लाटणं आपटून त्याच आवाजात म्हणाली, "उभी रेघ, जेवायला या, उभी रेघ. ताट वाढलंय, उभी रेघ. गार होतंय, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ."

"ह्याचा बंदोबस्त करतो," तो म्हणाला.

"आज करा. नाहीतर मी तुमचा करीन."

बंदोबस्त कसा करायचा हे त्याला माहीत होतं. कॉम्प्युटरची चित्रं, बटणं, रंगीत खिडक्या त्याच्या फारशा कामाच्या नव्हत्या. त्याला आवडायची ती काळी खिडकी, जिच्यात नुसती आज्ञा टाइप करायची आणि उत्तरही अक्षरांतच यायचं. बोर्ड गेल्यानंतरच्या रिकामपणात त्याने हे सगळं एका मोफत वर्गात शिकून घेतलं होतं. त्या खिडकीत ग्रेप नावाची एक जुनी आज्ञा असते. तिच्यासमोर कितीही मजकूर ओता, ती हव्या त्या ओळी निवडून देते किंवा नको त्या बाजूला टाकते. टीआर ही तिची धाकटी बहीण म्हणावी; ती ओळी नाही, एकेक अक्षर गाळते. पहिलीने निवडलेलं दुसरीकडे पाठवायचं तर आज्ञेत दोघींच्या मध्ये एक उभी रेघ टाइप करावी लागते. रेघा घालवायला रेघच लागावी, याची ऑपरेटरला फार गंमत वाटली. त्याने बायकोला ती सांगितली. तिला वाटली नाही.

त्याने ग्रेपला सांगितलं, नुसत्या चौकटीच्या ओळी आहेत त्या टाकून दे. टीआरला सांगितलं, उरलेल्या मजकुरातून उभी रेघ, आडवी रेघ आणि अधिकचं चिन्ह पुसून टाक. एकदा केर काढून झाल्यावर ओल्या फडक्यानेही पुसून घ्यावं, तसा स्वच्छतेचा उत्साह. या सगळ्याला मिळून त्याने एकच नाव दिलं: 'सांग'.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये त्याने 'सांग' टाइप केलं आणि एंटर दाबलं. आवाज म्हणाला, "मासे वीस बंद. आईस्क्रीम अठरा बंद. मटार अठरा बंद. भाज्या आठ उघडं. फुलं चार बंद."

बस्स, एवढंच. ऑपरेटर खुर्चीत मागे रेलला. मग त्याने फोन उचलला आणि भाज्यांचं दार लावून घ्यायला सांगितलं.

आता जाणत्या वाचकाला इथे काहीतरी खटकलं असेल. मासे वीसवर, आईस्क्रीम अठरावर? तसलं आईस्क्रीम पेल्याने प्यावं लागेल. पण शीतगृहात हे कुणालाच खटकलं नसतं, कारण तिथे सगळे असंच बोलायचे. 'उणे' हा शब्द त्या इमारतीत कुणाच्या तोंडी नव्हता. मेहुणा फोर्कलिफ्टवरून ओरडायचा, "मासे वीसला आले का?" मिस्त्री म्हणायचा, "मटार सोळावर चढलेत, बघतो." मासे, मटार, आईस्क्रीम हे शून्याच्या खालचे, भाज्या आणि फुलं शून्याच्या वरची, हे पोती उचलणाऱ्यालाही ठाऊक होतं, मग रोज रोज कोण बोलणार? मॅडमसुद्धा येता-जाता विचारायच्या, "आईस्क्रीम?"

"अठरा."

"छान," म्हणून त्या टप टप निघून जायच्या. एकदा तर त्या थांबून म्हणाल्या, "आधीच्या माणसापेक्षा तुम्ही लवकर सांगता." ऑपरेटरने हे घरी जसंच्या तसं सांगितलं. मेहुण्याने ते वाढवून दोनदा सांगितलं.

फुलं होती एका काकूंची. त्या फुलांच्या ठोक व्यापारी होत्या. दुकानांना, हॉटेलांना गुलाब, कार्नेशन, लिली पुरवायच्या. अंगाला फुलांचा वास आणि तोंडाला धार. रोज सकाळी केबिनच्या खिडकीशी येऊन त्या विचारायच्या, "काय रे ऑपरेटर, माझी मंडळी कशी आहेत?"

"चारवर. गाढ झोपलीत."

"झोपू दे. उठवू नकोस," म्हणून त्या जायच्या.

महिना संपत आला. त्या आठवड्यात काकूंना एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली होती. फुलांची खोली छतापर्यंत खोक्यांनी भरली आणि दुपारी हॉटेलचा ट्रक येणार होता. सकाळी काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, त्याने नेहमीचं उत्तर दिलं. खरंच तेव्हा फुलं चारवर होती.

पुढच्या फेरीला आवाज म्हणाला, "फुलं दोन." दोनपासून पाचपर्यंत चालतं, त्यामुळे ऑपरेटरने मनात नोंद घेतली आणि सोडून दिलं. त्याच्या पुढच्या फेरीला आवाज म्हणाला, "फुलं चार." शहाणी खोली, आपली आपण ताळ्यावर आली, असं म्हणून तो माशांकडे वळला. काकू तेवढ्यात पुन्हा डोकावल्या. ट्रकवाला लवकर येतोय म्हणाल्या. त्याने त्यांना सांगितलं, काही काळजी करू नका, चार म्हणजे चार.

तरी त्याला चैन पडेना. कशामुळे, ते लगेच कळेना. बोर्डावर काम केलेल्या माणसाला एक खोड लागते. समोरचा बोलतो ते तो ऐकतोच, पण त्याच्या मागे काय वाजतंय तेही ऐकतो: गळका नळ, रडणारं मूल, दुसऱ्या कुणाचा श्वास. आता मागे काय वाजत होतं? बाहेर माशांचा ट्रक धडधडत होता. मासेवाल्यांची बाचाबाची. मग ट्रकचं इंजीन बंद झालं, आणि ती धडधड थांबल्यावर जो आवाज उरला तो त्याला ओळखीचा वाटला. केबिनच्या छतावर फुलांच्या खोलीचा कॉम्प्रेसर होता. तो थोडा वेळ घुमायचा, मग एक उसासा टाकून थांबायचा, मग पुन्हा सुरू. आज त्याचा उसासा कधी ऐकला? सकाळी. त्यानंतर तो घुमतोच आहे.

खोली चारवर आली असेल तर हा थांबत का नाही?

त्याने पुन्हा 'सांग' टाइप केलं. "फुलं चार," आवाज शांतपणे म्हणाला.

एक कान एक सांगत होता, दुसरा दुसरंच. ऑपरेटर उठला, काठी घेतली आणि बोळातून निघाला. फुलांच्या खोलीचं जड दार ढकललं तेव्हा गारवा नाकाच्या शेंड्याला चावला. रोजचा गारवा असा चावरा नव्हता. पंख्यासमोरच्या पहिल्या खोक्याचं झाकण त्याने उघडलं आणि आत हात घातला. गुलाबाची एक पाकळी बोटांत धरली. ती चुरगळली नाही. मोडली.

"मिस्त्री!" तो असा ओरडला की मेहुण्यालाही हेवा वाटावा. "फुलं बंद करा! फुलांचा कॉम्प्रेसर बंद करा!"

पुढचा सगळा गोंधळ दारांच्या, चाकांच्या आणि शिव्यांच्या आवाजात झाला. मिस्त्रीने आधी कॉम्प्रेसरची वीज तोडली, मग दाराशेजारचा आकडा बघून शिट्टी वाजवली. "उणे चार! गारवा आत सोडणारी झडप उघडीच अडकलीय." धोक्याची घंटा का वाजली नाही? कारण ती खोली तापली तरच वाजायची. शीतगृहाला गारठ्याची भीती असेल, हे घंटा लावणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मेहुण्याने फोर्कलिफ्ट अशी वळवली की भिंतीचे पोपडे उडाले. खोकी भराभर भाज्यांच्या खोलीत नेली, कोबी आणि काकड्यांच्या शेजारी.

टप टप करत मॅडम आल्या. मागोमाग काकू, धापा टाकत.

"ऑपरेटर," मॅडम म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर काय म्हणतोय?"

"चार म्हणतोय."

"आणि दारावर उणे चार आहे."

"माझ्याबरोबर केबिनमध्ये या."

सगळे केबिनमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. ऑपरेटरने 'सांग' टाइप केलं नाही. नुसता, न गाळलेला तक्ता मागवला आणि बाण दाबत फुलांच्या ओळीवर आला. आवाज मोकळ्या मनाने सुरू झाला, "उभी रेघ, फुलं, उभी रेघ, आडवी रेघ, चार, उभी रेघ, उघडं, उभी रेघ."

"आडवी रेघ चार," ऑपरेटर स्वतःशी म्हणाला.

त्याने माशांची ओळ ऐकली. "आडवी रेघ, वीस." आईस्क्रीम. "आडवी रेघ, अठरा." त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मेहुणा मदतीला धावला. "मॅडम, यंत्र जुनं आहे. कधी कधी येड्यासारखं करतं. मागे एकदा नाही का..."

"यंत्र शहाणं आहे," ऑपरेटर म्हणाला. "रेघ मी पुसली. चौकटीच्या रेघांनी डोकं उठलं होतं, म्हणून सांगितलं, सगळ्या आडव्या रेघा काढ. उण्याची खूणही आडवी रेघच असते. तीही गेली."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

मॅडमचे बूट एकदा वाजले, जागच्या जागी.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला महिनाभर वरचं आणि खालचं एकच ऐकू येत होतं."

"हो."

"आणि मी रोज विचारायची तेव्हा?"

"मी म्हणायचो, आईस्क्रीम अठरा."

"आणि मी म्हणायची, छान." मॅडमनी लांब श्वास सोडला. "पहिल्या दिवशीच तुम्ही उणे म्हणाला नाहीत तेव्हा मी विचारायला हवं होतं. पण इथे कोण म्हणतं? मिस्त्री, तुम्ही आज म्हणालात. ह्याआधी कधी म्हणाला होतात?"

मिस्त्रीने आठवून बघितलं. "वाचून दाखवलं म्हणून म्हणालो. एरवी कशाला म्हणू?"

काकूंना हे सगळं आत्ता उमगलं. "म्हणजे सकाळपासून तू मला चार चार म्हणतोयस," त्या कडाडल्या, "ते कुठले चार ते तुलाच माहीत नव्हतं?"

"नव्हतं, काकू."

"आणि मी आपली खुशाल चहा पीत बसले! झोपलीत म्हणे गाढ. गाढ कसली, कुडकुडत होती बिचारी!" त्या तरातरा भाज्यांच्या खोलीकडे गेल्या.

ऑपरेटर बसून राहिला. गळ्यातलं कार्ड त्याने बोटांनी उलटं केलं, सुलटं केलं. तक्रार येणार, ती आलीच. आता मॅडम मेहुण्याला ओळखणार नाहीत. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव त्याने सुरू केली. सुरुवात 'उभी रेघ'ने करावी, म्हणजे निदान हशा तरी होईल, असं त्याला वाटलं.

काकू परत आल्या त्या वेगळ्याच चालीने. पंख्यासमोरची रांग गेली होती. ते गुलाब काचेसारखे होऊन आता काळवंडत होते. पण मागची खोकी जाड पुठ्ठ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. तिथपर्यंत गारठा पोचायच्या आत झडप सापडली होती. लिली तर जशाच्या तशा होत्या.

"तक्रार द्यायची आहे का?" मॅडमनी सरळ विचारलं.

"द्यायची आहे," काकू म्हणाल्या. ऑपरेटरने मान खाली घातली. "त्या झडपेची द्यायची आहे. आणि घंटा बसवणाऱ्याची. हा माणूस उठून गेला नसता तर दुपारी मी हॉटेलला बर्फाचे पुष्पगुच्छ दिले असते." मग ऑपरेटरकडे वळून, "पण तू फुशारू नकोस. तुझं काय करायचं ते मॅडम बघतील. मी असते तर कान उपटले असते, पण तेवढेच चांगले आहेत तुझे."

हॉटेलचा ट्रक थोडा कमी भरून गेला. बोळ शांत झाला. मॅडम ऑपरेटरच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "आता नीट करा. आणि करताना मला समजेल असं सांगत करा."

त्याने सांगितलं. चौकटीच्या सबंध ओळी ग्रेपने आधीच काढल्या होत्या. मग टीआरला आडवी रेघ पुसायला सांगायची मुळात गरजच नव्हती. उरलेल्या मजकुरात आडवी रेघ असणार ती फक्त उण्याची. "म्हणजे मी दुसऱ्यांदा झाडलं आणि केराबरोबर अंगठी टाकली," तो म्हणाला. टीआरच्या यादीतून त्याने आडवी रेघ काढली. मग सेड नावाची आणखी एक आज्ञा जोडली. एकाच्या जागी दुसरं घालणं हे तिचं काम. तिला सांगितलं, आकड्याच्या आधी आडवी रेघ दिसली की तिच्या जागी 'उणे' हा शब्द ठेव. नुसती रेघ नको, पूर्ण शब्द हवा.

"सांग," त्याने टाइप केलं.

"मासे उणे वीस बंद. आईस्क्रीम उणे अठरा बंद. मटार उणे अठरा बंद. भाज्या नऊ उघडं. फुलं सात उघडं."

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. त्याने पुन्हा ऐकवलं. मग त्या म्हणाल्या, "आता एखादी खोली चुकली तर कसं कळेल?"

"फुलांच्या आधी 'उणे' ऐकू आलं की कळेल. आणि छतावर कानही ठेवीनच."

मॅडम दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "उद्यापासून ह्या इमारतीत सगळ्यांनी उणे म्हणायचं. मीसुद्धा. आणि उद्या येताना बरा शर्ट घालून या."

"का?"

"कार्डावर फोटो लागतो."

टप टप टप. बूट गेले.

दुसऱ्या दिवशी शीतगृहात 'उणे'ची साथ आली. मेहुणा प्रत्येक वाक्यात तो शब्द घुसडायला लागला. "उणे पाच मिनिटांत येतो! बाजूला व्हा, उणे जागा आहे!" घरी बायकोने सकाळी कप पुढे सरकवत सांगितलं होतं, "उभी रेघ, चहा, उभी रेघ, उणे साखर, उभी रेघ. संपलीय. येताना आणा."

फोटो मेहुण्यानेच काढला. "भाऊजी, इकडे बघा."

"इकडे म्हणजे कुठे?"

"मी ओरडतोय तिकडे!"

"तू तर सगळीकडे ओरडतोस."

फोटोत ऑपरेटर जरासा उजवीकडे बघतोय आणि हसतोय. मॅडम म्हणाल्या, चालेल.

तेवढ्यात खिडकीशी फुलांचा वास आला. नवा माल उतरवून काकू उभ्या होत्या. "काय रे, माझी मंडळी कशी आहेत?"

उत्तर तोंडात तयार असतानाही त्याने ते दिलं नाही. आधी टाइप केलं, एंटर दाबलं, मासे आणि आईस्क्रीम जाऊ दिले आणि फुलांच्या ओळीला मान तिरकी केली. छतावरच्या कॉम्प्रेसरने उसासा टाकला आणि थांबला.

"चार," तो म्हणाला.

"कुठले?"

"वरचे."

"मग ठीक," काकू म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.